हात पोहोचत नाही तिथे

तुमच्या हातात एक ओला कुंचला दिला आहे. वाळ्याच्या मुळांचा. नदीचं हे वळण मुद्दाम आडबाजूचं निवडलेलं, इकडे कुणी पाण्याला येत नाही. मुंज गवतात गुंडाळलेलं एक प्रेत सात रात्री इथं पिंजऱ्यात, वाहत्या पाण्यात होतं. आता ते काठावर काढून ठेवलंय. तुम्ही सर्वांत नवे शिष्य. हलक्या हातानं कातडी घासत एकेक थर उलगडायचा, हे तुमचं काम. वासाची सवय होते म्हणतात. होत नाही.

हे कोणतं शतक, ते विचारू नका. सुश्रुतसंहितेचा काळ ठरवायला बसलं की विद्वानांत काही शतकांचा फरक पडतो आणि कुणीच मागे हटत नाही. आपण आपले उतरलो. या प्रवासात तुम्ही वैद्य नाही, रुग्णही नाही. जिथं पोहोचाल तिथं कुणीतरी तुमच्या हातात काहीतरी देईल आणि म्हणेल, धर.

प्रेत पालथं केलं जातं. गुरुजी कण्याच्या तळाशी, दोन्ही बाजूंना, कमरेच्या हाडांजवळ बोट ठेवतात. हे मर्म, कटीकतरुण. इथं घाव बसला तर माणूस जागीच मरत नाही. रक्त कमी होत जातं, तो पांढरा पडतो, रूप उतरतं आणि काही काळानं जातो. तुम्ही कुंचला थांबवून त्या जागेकडे बघता. बाहेरून मांसाचा जाड थर, आत हाडाची कमान. घाव इथं बसला तर रक्त दिसणार कुठे?

रक्त थांबवायचे चार मार्ग तुम्हाला पाठ आहेत : संधान, स्कंदन, पाचन, दहन. तुरट रसानं जखमेची तोंडं आवळायची, थंडाव्यानं रक्त गोठवायचं, राख वापरायची, आणि काहीच चाललं नाही तर डागायचं. चारही मार्गांना एकच अट आहे. जखम हाताखाली हवी.

आजच्या शरीरशास्त्रातलं सगळं त्या ग्रंथात आधीच होतं, असं म्हणायचा मोह इथं होतो. तो आवरा. पण आजच्या नकाशावर तेच बोट ठेवलं तर काय दिसतं, ते बघून ठेवा, पुढे लागेल. पोटातली महाधमनी साधारण बेंबीच्या पातळीला दुभंगते. दोन्ही फांद्या थोडं खाली जाऊन पुन्हा फुटतात. एक फाटा पायाकडे जातो, दुसरा ओटीपोटाच्या खोलात शिरतो. या आतल्या फाट्याची सर्वांत मोठी शाखा मागे वळते आणि हाडातल्या एका खाचेतून, हाडाला अगदी चिकटून, कुल्ल्यात बाहेर पडते. कमरेच्या हाडांचं कडं मागून मोडलं की तुटलेल्या हाडाची धार नेमकी हिच्यावर येते.

पुढे चला. १५५२. दाँव्हिये गावाला वेढा पडलाय, तुमच्या हातात कंदील आहे आणि तंबूत तोफगोळ्यानं फुटलेला एक पाय. आंब्रोज पारे नावाचा फ्रेंच शल्यवैद्य पाय कापतोय. पण तापलेल्या सळया शेगडीवर नाहीत. कावळ्याच्या चोचीसारखा चिमटा घेऊन तो रक्तवाहिनीचं टोक पकडतो, ओढतो आणि दोऱ्यानं बांधून टाकतो. बस. तुमचा कंदील हलत नाही, इतकं ते साधं आहे. हाच गोळा चार बोटं वर, जांघेच्या पलीकडे लागला असता तर पारेच्या चिमट्याला टोक सापडलं नसतं. १७१८ मध्ये पॅरिसला प्टी नावाचा शल्यवैद्य आपला स्क्रूचा आवळपट्टा आणेल, हातापायांसाठी तो वरदान ठरेल. पण पट्टा बांधायला जखमेच्या वर जागा लागते. जांघेच्या वर ती जागाच नाही.

आता जरा थांबायचंय.

डिसेंबर १८१२. कॅरिबियन समुद्रातलं सेंट क्रॉय बेट. मालकी डेन्मार्कची, सध्या ताबा इंग्रजांचा, ऊस दोघांनाही सारखाच गोड. खिडकीबाहेर उसाचे मळे आहेत. मेजावर एक बाई पडली आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली. कागदोपत्री तिचं नाव माइला. तिच्या डाव्या कुल्ल्यावर लहान मुलाच्या डोक्याएवढी गाठ आहे आणि ती गाठ उडते आहे. तुम्ही तळवा ठेवता. प्रत्येक ठोक्याला तळवा वर उचलला जातो. धमनीची भिंत सैल होऊन तिचा फुगा झालाय आणि तो कधीही फुटेल. हाडाच्या खाचेतून बाहेर पडायची वाट तीच, तुमच्या कुंचल्याखालची.

डॉक्टर विल्यम स्टीव्हन्स तुम्हाला तिचे खांदे धरायला सांगतात. भूल नाही, ईथरला अजून चौतीस वर्षं आहेत. तिनं होकार दिला का, तिला कुणी विचारलं का, हे तुम्हाला कळणार नाही, कारण ते लिहून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही. तुमच्या हाताखाली तिचे खांदे ताठ होतात.

फुग्याला ते हात लावत नाहीत. सुरी चालते समोरून, ओटीपोटाच्या डाव्या बाजूला. आतडी ज्या पातळ पडद्याच्या पिशवीत असतात ती पिशवी फाडायची नाही, बोटांनी अलगद आतल्या बाजूला सारायची, घडवंचीवरच्या गोधड्या सारून भिंतीपर्यंत हात घालावा तशी. बोट खोल जातं. डॉक्टरांचा चेहरा कोरा आहे. सगळं बघणं आता त्यांच्या बोटाच्या पेरात आहे. मग धमनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत येते.

“गाठीवर हात ठेव,” ते म्हणतात.

तुम्ही ठेवता. ते चिमूट दाबतात. तळव्याखालचं उडणं थांबतं. चिमूट सैल होते, ठोका परत येतो. पुन्हा दाबली, पुन्हा शांत. एवढी खात्री पटल्यावर त्या आतल्या फाट्याला दोरा पडतो. आतली धमनी जिवंत माणसात मुळाशी बांधल्याची ही पहिली नोंद.

माइला सुमारे दहा वर्षं जगली. ती गेल्यावरही तिच्या देहाला सुटका नव्हती; तो भाग लंडनला पाठवला गेला आणि तिथं रिचर्ड ओवेन या शरीररचनातज्ज्ञानं चिरून दाखवलं की धमनी खरोखरच बंद झाली होती. शंका घेणारे होते ना. शस्त्रक्रियेच्या इतिहासात स्टीव्हन्सचं नाव आहे. तिचं नाव शोधावं लागतं.

मधे क्षणभर लंडनमध्ये डोकावून घ्या. १८१७, गाय्ज हॉस्पिटल. ॲस्टली कूपर हा सर्जन याहून धाडसी गोष्ट करतोय. जांघेवरचा फुगा फुटलेल्या हमालाचं पोट उघडून नखानं पडदा खरवडत थेट महाधमनीला दोरा टाकतोय. हमाल चाळीस तास जगला. चला.

मग धमनी बांधायची युक्ती सापडली म्हणायची? पुढच्या दीडशे वर्षांत पुष्कळ जणांना तसं वाटलं. फुग्याचं ठीक होतं, त्याला फक्त ठोका कमी करून हवा होता. पण हाड मोडून धमनी फाटली की गणित बदलतं. ओटीपोटातल्या रक्तवाहिन्या म्हणजे जुन्या पेठेतले बोळ. एक तोंड बंद केलंत तर लोक दुसऱ्या वाड्यातून येतात. उजवीकडची धमनी बांधली की डावीकडून रक्त पोहोचतं. १९६० च्या दशकात बर्चेल या डॉक्टरनं मोजून दाखवलं : दोन्ही बाजूंचे आतले फाटे बांधले तर ठोक्याचा जोर ८५ टक्के उतरतो, पण वाहणारं रक्त जेमतेम निम्म्यानं कमी होतं. जोर गेल्यामुळे गुठळी धरायला संधी मिळते. बाळंतिणीच्या रक्तस्रावात त्याचा उपयोग झालाही. मोडलेल्या हाडांच्या खाईत मात्र अनेकदा उपयोग झाला नाही.

आणि तिथं पोहोचण्याचीच किंमत जबर होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर, कुठल्याही शहरातल्या शस्त्रक्रियागृहात शिरा. तुमच्या हातात रिट्रॅक्टर दिलाय, पोटाची कड ओढून धरायचा. ट्रकखाली आलेला तरुण आहे. पोट उघडल्यावर आतडी स्वच्छ, आश्चर्य वाटावं इतकी. रक्त आहे ते पडद्यामागे. मागची सगळी भिंत जांभळी होऊन फुगली आहे, पिकलेल्या वांग्यासारखी ताणलेली. आत दोन-तीन लिटर असेल. अनुभवी सर्जन ते बघून हात मागे घेतो. तरुण सर्जनला राहवत नाही, तो पडद्याला छेद देतो.

तुम्ही हे विसरणार नाही. धार लागत नाही. रक्त भरून वर येतं, आडाचं पाणी चढावं तसं, सगळीकडून एकदम. कोण धमनी, कोण शीर, काही दिसत नाही. शोषून घेणारी नळी भरते, कापडं भिजतात. त्या पडद्यानं आतल्या आत दाब धरून ठेवला होता, तोच सोडून दिला. बंद खोलीतल्या रक्तानंच त्या खोलीचं दार दाबून धरलेलं असतं. या दुखापतीचं सगळं शहाणपण या एका चुकीतून आलंय असं मला वाटतं, आणि ती चूक एकट्यादुकट्यानं केलेली नाही.

म्हणजे आत जायचं तर खोली न उघडता जायला हवं.

कोरियाच्या युद्धात कार्ल ह्यूजेस या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं एक वाट चाचपली. नळीच्या टोकाला फुगा, नळी धमनीतून वर महाधमनीपर्यंत, आणि तिथं फुगा फुगवून खालचा सगळा प्रवाह अडवायचा. मरणाच्या दारातल्या सैनिकांवर ते केलं गेलं. कुणी वाचलं नाही. १९५४ मध्ये त्यानं ते प्रामाणिकपणे छापलं.

दुसरी वाट स्वीडनमधून आली, आणि ती इतकी साधी होती की आधी कुणाला सुचली नाही याचंच नवल. स्वेन-इव्हार सेल्डिंगर, १९५३. सुई जांघेतल्या धमनीत घालायची, सुईतून बारीक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि त्याच तारेवरून नळी सरकवायची. कापाकापी नाही. तार म्हणजे बोगद्यात आधी सोडलेली दोरी.

आता १९७२, बॉस्टन, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल. इथं तुमच्या अंगावर शिशाचा एप्रन आहे आणि हातात स्टीलची वाटी. खोली अंधारी. मेजावर एक माणूस आहे, कमरेची हाडं मोडलेली. रक्ताच्या बाटल्या चढताहेत आणि रक्तदाब तरी उतरतोच आहे. नळी जांघेतून वर गेली, दुभंगापाशी वळली, आतल्या फाट्यात शिरली. डॉक्टर रंगद्रव्य सोडतात. फिल्म बदलणारं यंत्र खडाखड आवाज करतं, एकामागून एक पत्रे आपटावेत तसं.

ओल्या फिल्म दिव्यासमोर धरल्या जातात. पहिल्या फिल्मवर धमनीचं झाड दिसतं. बुंधा, फांद्या, डहाळ्या. पुढच्या फिल्मवर ते विरळ होतं. आणखी पुढच्या फिल्मवर झाड नाहीसं झालंय, पण एका फांदीच्या टोकाशी टीपकागदावर शाईचा थेंब पडावा तसा डाग उरलाय. तो मोठा होत चाललाय. हीच फट. नदीकाठी गुरुजींनी बोट ठेवलं तेव्हा जे दिसलं नव्हतं ते तुम्हाला आत्ता दिसतंय, कातडीला धक्का न लागता.

“वाटी,” डॉक्टर म्हणतात. तुम्ही पुढे करता. वाटीत त्याच माणसाचं रक्त आहे, मघाशी काढून ठेवलेलं, आता थिजून दह्यासारखं झालेलं. त्याचे बारीक तुकडे करतात, सिरिंजमध्ये ओढतात आणि नळीतून त्या फांदीत सोडतात. त्याच्याच रक्ताची गुठळी त्याच्याच फाटलेल्या धमनीला लावायची. पुन्हा रंग. पुन्हा खडखडाट. पुन्हा फिल्म. फांदी अर्ध्यावर तुटलेली दिसते आणि पुढे काही नाही. डाग नाही.

त्या वर्षी मार्गोलीज आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशा मोजक्या रुग्णांची हकीकत दिली. गुठळीची अडचण लवकरच कळली : शरीर आपलीच गुठळी विरघळवून टाकतं. मग जिलेटिनच्या स्पंजाचे तुकडे आले, काही आठवडे टिकतील आणि मग विरघळतील असे. १९७५ मध्ये जियानतुर्को या डॉक्टरची धातूची बारीक स्प्रिंग आली. पण कल्पना त्या वाटीतलीच. शरीर जे स्वतः करू बघत होतं, पण वाहत्या धारेपुढे त्याला जमत नव्हतं, तेच तिथं नेऊन ठेवायचं.

अडचण एकच : ती खोली, ते यंत्र, तो डॉक्टर. ओटीपोटातून वाहणारं रक्त बहुतेक वेळा शिरांतून आणि मोडलेल्या हाडांतून येतं. धमनी फाटलेली असते ती थोड्यांत. पण त्या थोड्यांना तासांचा हिशेब परवडत नाही. हॅनोवर आणि डेन्व्हरच्या सर्जननी म्हणून वेगळा उपाय घेतला : बेंबीखाली लहान छेद, पोटाची पिशवी न उघडता हाडाच्या पोकळीत कापडं घट्ट कोंबायची आणि मग धमनीसाठी नळीवाल्यांकडे न्यायचं. रांगडा प्रकार आहे, पण वेळ मिळवून देतो.

ह्यूजेसचा फुगाही परत आला. जून २०१४, लंडन. पंधरा मीटरवरून पडलेला माणूस, ओटीपोटात रक्तस्राव, आणि हवाई रुग्णवाहिकेचे डॉक्टर रस्त्यावरच त्याच्या महाधमनीत फुगा चढवताहेत. तुम्ही छत्री धरा, नाहीतर काहीच धरू नका. ते लोक तरबेज आहेत. तो माणूस वाचला आणि बातमी जगभर झाली. मग ब्रिटनमध्ये चाचणी झाली, ९० रुग्णांची, आणि २०२३ मध्ये निकाल आला : फुग्याची सोय असलेल्या गटात नव्वद दिवसांत ५४ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांच्या गटात ४२ टक्के. फुगा चढवण्यात जाणारा वेळ पुढच्या शस्त्रक्रियेतून वजा होतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. बातमी जगभर झाली, निकालाची तेवढी झाली नाही.

शेवटचा थांबा तुमच्या ओळखीचा आहे.

पुणे–सोलापूर रस्ता, रात्रीचे पावणेअकरा. दुचाकी रस्त्याच्या कडेला आडवी, पुढचा दिवा अजून जळतोय. चाळिशीचा माणूस उताणा पडलाय. बाहेर रक्त फारसं नाही, कपाळावर खरचटलंय एवढंच, म्हणून गर्दीला वाटतंय की निभावलं. पण त्याचा डावा पाय बाहेर वळलाय, तो पाण्यासाठी तळमळतोय आणि चेहरा दिव्याच्या उजेडातही पांढरा दिसतोय. पांढरा पडतो, रूप उतरतं. हे तुम्ही ऐकलंय.

दोघं जण त्याला हातापायाला धरून टेम्पोत घालायच्या बेतात आहेत. कुणी बाटली तोंडाला लावतंय. मागे उभा असलेला एक जण पोलिसांचं लचांड नको म्हणून निघून जातो. मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ ला सांगितलं, २०१९ ला मोटार वाहन कायद्यातही आलं, पण ढाब्यापर्यंत पोहोचायला कायद्याला वेळ लागतो.

१०८ची रुग्णवाहिका येते. उतरतात त्या बीएएमएस, म्हणजे आयुर्वेद शिकलेल्या डॉक्टर आहेत. महाराष्ट्रात या गाड्यांवर बहुतेक असेच डॉक्टर असतात. “उचलू नका! पाणी नको! दादा, हलायचं नाही हं, नाव काय तुमचं?” गुडघ्यावर बसून त्या नाडी बघतात, पाय बघतात. कमरेची हाडं दाबून हलवून बघायचा मोह त्या टाळतात. धरलेली गुठळी त्यानं सुटते. मग मान वर न करता ओरडतात, “चादर आणा कुणीतरी. मोठी.”

ढाबेवाला बाजेवरची चादर ओढून आणतो, फुलाफुलांची. डॉक्टर ती आडवी घडी घालून वीतभर रुंद पट्टा करतात, गुडघ्यांखालच्या पोकळीतून सरकवत वर आणतात. ढाबेवाला ती कमरेला, नाडी बांधतो तिथं ओढायला जातो.

“वर नाही भाऊ, खाली. खुब्यावर. हे हाड लागतंय ना हाताला, इथं.”

वर बांधली तर कडं उलट उघडतं. खुब्यांवर बांधली तर मोडलेलं कडं मिटतं, आतली पोकळी लहान होते, हाडांची टोकं एकमेकांवर घासायची थांबतात, आणि ती बंद खोली पुन्हा स्वतःचा दाब धरू लागते. फाटलेली धमनी यानं बंद होईलच असं नाही. त्यासाठी नळीवालं मोठं हॉस्पिटल गाठावं लागेल, आणि डॉक्टर फोनवर तेच बघताहेत. फोन खांदा आणि कानाच्या मधे धरून त्या एकीकडे सांगताहेत, “पेल्विस वाटतंय, शॉकमध्ये आहे, रक्त तयार ठेवा, ट्रॅनेक्सा तयार ठेवा,” आणि दुसरीकडे चादरीचं एक टोक तुमच्या हातात देताहेत.

“काका, हे धरा. मी म्हणेन तेव्हा ओढा. झटका नको, सावकाश.”

दुसरं टोक ढाबेवाल्याकडे. तुम्ही पाय रोवता. चादर ताणते, माणूस कण्हतो, बाहेर वळलेला डावा पाय हळूहळू सरळ होतो. डॉक्टर त्याचे दोन्ही गुडघे आणि घोटे त्याच्याच गमछानं एकत्र बांधतात, मग परत येऊन चादरीला पीळ देतात.

“कटीकतरुण,” त्या स्वतःशीच पुटपुटतात. सुश्रुताचं शारीरस्थान, परीक्षेला हमखास यायचं.

“काय म्हणालात?” ढाबेवाला विचारतो.

“काही नाही. धरा तुम्ही.”

गाठ पडते, तिच्यावर दुसरी. स्ट्रेचर खाली येतं, चौघं जण त्याला एका रेषेत उचलतात. तुम्ही अजून टोक धरूनच चालताय, गाडीच्या दारापर्यंत.

“काका, सोडा आता. बसलीय गाठ.”

बोटं लगेच उघडत नाहीत.